मिडी कंट्रोलरवरून दुसऱ्या लॅपटॉपवरील दिवे कसे चालवावेत?

झाडीतला तंत्रज्ञ (वडसा):
नमस्कार मंडळी. मी झाडीपट्टीतील एका नाटक कंपनीत ध्वनी आणि प्रकाश अशी दोन्ही कामे पाहतो. प्रयोगाच्या वेळी माझी बैठक वादकांच्या शेजारी असते; क्यूएलसी प्लस हे प्रकाशनियंत्रणाचे सॉफ्टवेअर चालणारा लॅपटॉप मात्र डिमरपाशी (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रापाशी), मंचामागे ठेवावा लागतो. माझ्या मिडी कंट्रोलरची (दाबायचे पॅड आणि सरकवायचे फेडर असलेल्या, मिडी या संगीतातील संदेशपद्धतीने आदेश देणाऱ्या उपकरणाची) यूएसबी केबल तिथवर पोहोचत नाही. कंट्रोलर जवळच्या लॅपटॉपला जोडून त्याचे आदेश नेटवर्कवरून मागे पाठवता येतील का? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून पाहिले, पण खलनायकाच्या प्रवेशाचा लाल दिवा कधी वेळेवर लागतो, तर कधी त्याचे पहिले वाक्य संपल्यावर. दोन्ही लॅपटॉप विंडोजचे आहेत.

तुमसरकर:
भाऊ, हॉटस्पॉटचा नाद सोडा. भरलेल्या मंडपात शेकडो मोबाइल सुरू असताना वायफायवर वेळेची हमी नसते. यूएसबी २.० ची केबल साधारण ५ मीटरपर्यंतच चालते, नेटवर्कची केबल मात्र १०० मीटरपर्यंत नेता येते. दोन्ही लॅपटॉप तिने थेट जोडा. राउटर मध्ये नसला तर जनरेटर बंद पडला तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर जोडणी टिकते. एकाला १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.२० असा स्थिर आयपी पत्ता द्या. मग दोन्हीकडे टोबियस एरिकसेन यांचे आरटीपी-मिडी हे मिडी संदेश नेटवर्कवरून नेणारे सॉफ्टवेअर टाकून सेशन (दोन्ही लॅपटॉपमधील मिडीची जोडणी) जोडले, की ते मागच्या लॅपटॉपवर साध्या मिडी पोर्टसारखे दिसते. सेशन जुळत नसेल तर आधी फायरवॉल (नेटवर्कवरून येणारे संदेश अडवणारी सुरक्षा) पाहा, कारण विंडोज अशा जोडणीला ‘सार्वजनिक’ समजून ५००४ आणि ५००५ हे यूडीपी पोर्ट अडवू शकते.

पवनीचा प्रकाशवाला:
क्यूएलसी प्लसला ओएससी ही नेटवर्कवरून आदेश पाठवण्याची दुसरी पद्धतही कळते, मग मिडीच कशाला? मिडीत फेडरची मूल्ये ० ते १२७ एवढीच असल्याने मंद होत जाणारा दिवा पायऱ्यापायऱ्यांनी उतरल्यासारखा दिसतो.

तुमसरकर:
फेडर हाताने ओढला तर आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु पॅडने फक्त दृश्य सुरू करून दिवा मंद करण्याचे काम क्यूएलसी प्लसवर सोपवले, तर ती अडचण उरत नाही. शिवाय यूडीपीवरून (पोहोच न घेता संदेश पाठवण्याच्या नेटवर्कच्या पद्धतीने) पाठवलेला ओएससी संदेश वाटेत हरवला तर तो गेलाच, उलट आरटीपी-मिडीत पुढच्या संदेशासोबत मागच्या घडामोडींची नोंद जात असल्याने चूक भरून निघते.

झाडीतला तंत्रज्ञ (वडसा):
घरी केबलने जोडून पाहिले आणि दिवा पॅडबरोबरच लागतो, मनःपूर्वक आभार. मात्र एकाआड एक दाब वाया जातो. हा नेटवर्कचा दोष असावा का?

पवनीचा प्रकाशवाला:
नाही. आपला पॅड ‘टॉगल’वर असणार, म्हणजे तो एका दाबाला चालू आणि पुढच्या दाबाला बंद असा संदेश पाठवतो, आणि क्यूएलसी प्लसमधील बटणही ‘टॉगल’च असल्याने ते फक्त चालूच्या संदेशाला प्रतिसाद देते. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये पॅड ‘मोमेंटरी’ करा, म्हणजे प्रत्येक दाबाला चालूचा आणि सोडल्यावर बंदचा संदेश जाईल. आणि मंडपात केबल प्रेक्षकांच्या पायाखालून न नेता वरून, बांबूला बांधून न्या.