रायझन ९८००एक्स३डी आलाय. आपण घ्यायचा का? माझं उत्तर: नको

फोटोवाला_कुडाळ
७ नोव्हेंबर २०२४ला एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर विक्रीला आला आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. "तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू, त्याआधी मशीन बदलून टाक," असं मला चौघांनी तरी सांगून झालंय.

माझं काम म्हणजे लग्नं, जत्रेतली दशावतारी नाटकं आणि तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्यांचे ड्रोन व्हिडिओ. मशीन २०१९च्या पिढीचं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. एडिटिंग प्रीमियर प्रोवर. टाइमलाइन अडकते, हे खरं.

पण हा नवा प्रोसेसर मुळात गेमसाठी बनवलाय. आठ कोर (काम करणारे आठ भाग), सोळा थ्रेड आणि ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी. पैसे जातात ते त्या कॅशचे, आणि लग्नाच्या व्हिडिओला तिचा फारसा उपयोग नाही. विक्रीला आला तेव्हा अमेरिकेत किंमत ४७९ डॉलर होती, आपल्याकडे वर कर. शिवाय तो माझ्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डावर बसत नाही, म्हणजे नव्या एएम५ सॉकेटचा बोर्ड आला, डीडीआर५ रॅम आली. कूलरही वेगळा, कारण डब्यात येत नाही. एवढ्यात एक बरी सेकंडहँड लेन्स येते.

त्यापेक्षा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून याच बोर्डावर एएमडीचाच जुना ५९००एक्स टाकला तर बारा कोर मिळतात, बाकी कशाला हात लावायला नको. पटत नसेल तर बोला. फक्त "फ्यूचर प्रूफ" म्हणणार असाल तर कारणासकट म्हणा.

रत्नांग्री_गेमर
दादा, "गेमसाठी बनवलाय" हे तुम्ही शिवी दिल्यासारखं म्हणताय. आधीच्या एक्स३डीमध्ये जादा कॅश कोरच्या डोक्यावर चिकटवलेली असायची, त्यामुळे उष्णता अडायची आणि क्लॉक (चालण्याचा वेग) कमी ठेवावा लागायचा. यावेळी ६४ एमबीचा तो तुकडा कोरच्या खाली घातलाय. कोर थेट कूलरला भिडतात, म्हणून क्लॉक ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि ओव्हरक्लॉकिंगही उघडं आहे. एएमडीच्या म्हणण्याप्रमाणे गेममध्ये आधीच्या ७८००एक्स३डीपेक्षा सरासरी ८ टक्के आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केपेक्षा २० टक्के पुढे. तुमचा ३६०० झेन २ रचनेचा, हा झेन ५ रचनेचा. तीन पिढ्यांचा फरक एडिटिंगलाही जाणवणारच.

फोटोवाला_कुडाळ
जाणवेल ना. पण तो फरक आठ कोरच्या साध्या ९७००एक्समध्येही जाणवेल, कॅशचे पैसे न मोजता. आणि तुझे ते ८ नि २० टक्के महागड्या ग्राफिक्स कार्डवर मोजलेले असतात. १६६० सुपरला कुठलाही प्रोसेसर जोड, आधी दमणार ते कार्डच.

रत्नांग्री_गेमर
कार्ड पुढच्या वर्षी घ्या की!

दापोली_आर्किटेक्ट
९८००एक्स३डी नको, इथपर्यंत मी फोटोवाल्यांच्या बाजूने. त्यापुढे विरुद्ध. ५९००एक्स टाकणं म्हणजे एएम४च्या शेवटच्या स्टेशनाचं तिकीट काढणं. त्यापुढे जायचं तर बोर्ड आणि रॅम दोन्ही टाकून द्यावे लागणार, मग आत्ताच का नको? एएम५ २०२२मध्ये आलं आणि २०२७ व त्यापुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलंय. तुम्हाला कारण हवं होतं, हे घ्या. आज बोर्ड आणि ३२ जीबी डीडीआर५ चांगली घ्या, त्यावर ९६००एक्स बसवा. सहा कोर, ६५ वॉट. दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर तेव्हाचा मोठा प्रोसेसर बसवा. मी स्वतः घरांचे रेंडर करतो, मला कोर लागतात म्हणून मी ९९५०एक्सकडे बघतोय. तुम्हाला आत्ताच तितकं नको.

आणखी एक. ५९००एक्स १०५ वॉटचा आहे. स्वस्तातल्या बऱ्याच बी४५० बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकसुद्धा नसतो. तुमच्या बोर्डाचं झाकण काढून सॉकेटच्या डाव्या बाजूला बघा. तिथे उघडे काळे चौकोन दिसले तर मे महिन्यात कुडाळात, एसीशिवाय, दोन तासांचं एक्सपोर्ट लावून दाखवा.

फोटोवाला_कुडाळ
बघितलं. उघडे आहेत. ठीक आहे, मग आठ कोरचा ५७००एक्स, तो ६५ वॉटचाच आहे. बोर्ड तोच राहतो, माझा मुद्दाही तोच राहतो.

चाकरमानी_डोंबिवली
(मूळ गाव गुहागर, पोटापाण्यासाठी डोंबिवलीत. पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये आहे.)

सगळे कोर मोजताय, पण फाइल कुठली आहे हे कोणीच विचारलं नाही. फोटोवाले, टाइमलाइन कशावर अडकते? ड्रोनच्या क्लिपवर की कॅमेऱ्याच्या? कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग कशावर ठेवलंय? मग एक करा. कॅमेऱ्याची क्लिप प्ले करा, टास्क मॅनेजर उघडा, जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या पानावर "व्हिडिओ डीकोड"चा (फाइल उलगडण्याचा) आलेख बघा आणि सांगा.

फोटोवाला_कुडाळ
सोनीचा कॅमेरा. एक्सएव्हीसी एचएस (सोनीचं एच.२६५ रेकॉर्डिंग), ४के, ४:२:२ (रंगांची जादा माहिती), १० बिट. ग्रेडिंगला रंग बरे मिळतात म्हणून तसं ठेवलंय.

कॅमेऱ्याची क्लिप लावली की डीकोडचा आलेख सपाट आणि सीपीयू (प्रोसेसर) शंभरला टेकलेला. ड्रोनची लावली की डीकोड वर चढतो आणि सीपीयू शांत. ड्रोनचं काहीच अडकत नाही.

चाकरमानी_डोंबिवली
मग झालं तर. ड्रोन ४:२:०, म्हणजे रंगांची कमी माहिती देतो. तो एच.२६५ व्हिडिओ तुमचं १६६० सुपर स्वतःच उलगडतं. ४:२:२ मात्र एनव्हीडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कुठल्याही जीफोर्स कार्डला हार्डवेअरवर उलगडता येत नाही, अगदी ४०९०लाही नाही. एएमडीच्या प्रोसेसरमधल्या छोट्या जीपीयूलाही नाही. म्हणजे ते सगळं ओझं कोरवर येतं. ९८००एक्स३डी घेतलात तरी कोरवरच येणार, फक्त ते कोर दणकट असतील इतकंच.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या आयजीपीयूतलं (प्रोसेसरमधल्या छोट्या जीपीयूतलं) क्विक सिंक हे व्हिडिओ उलगडणारं इंजिन मात्र एच.२६५चं ४:२:२ १० बिट थेट उलगडतं आणि प्रीमियर ते वापरतो. त्यासाठी सर्वांत महाग चिप लागत नाही. आय५ १२४०० पुरतो. बाराव्या पिढीचे डीडीआर४वाले बोर्ड मिळतात, म्हणजे तुमची रॅमही वाया जात नाही. फक्त १२४००एफ घेऊ नका. एफ म्हणजे आयजीपीयू बंद, आणि दुकानदार हजार-दोन हजाराने स्वस्त म्हणून हमखास तोच पुढे करतो.

कॅमेरा एक्सएव्हीसी एसवर, म्हणजे एच.२६४ ४:२:२वर ठेवलात, तर या क्विक सिंकचाही उपयोग नाही. तुमचा एचएस आहे ते बरं.

रत्नांग्री_गेमर
इंटेल? २०२४मध्येच तेराव्या-चौदाव्या पिढीचं काय झालं ते विसरलात का? जादा व्होल्टेजने प्रोसेसर खराब होत होते, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीचं अपडेट) काढावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

चाकरमानी_डोंबिवली
तेरावी-चौदावी. मी बारावी म्हणालो. तिला तो रोग नव्हता.

दापोली_आर्किटेक्ट
पण १२४०० म्हणजे २०२२ची सुरुवात. नवा बोर्ड विकत घेऊन जुन्या सॉकेटवर बसायचं? मला हे पटत नाही. आजचं दुखणं बरं होईल, पण उद्या त्याच बोर्डावर वर चढायचं म्हटलं तर समोर तीच तेरावी आणि चौदावी. त्यापुढचं कोअर अल्ट्रा वेगळ्या सॉकेटवर गेलं.

सावंतवाडी_रिपेअर
अरे, तुका एवढो म्हागाचो प्रोसेसर कित्याक होयो? सगळ्यांचा वाचून झाला, आता माझा आयका. (पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर रत्नांग्रीवाल्यांना कळायचं नाही.)

माझ्या टेबलावर येणारं मशीन प्रोसेसर जुना झाला म्हणून सहसा येत नाही. मृगात येतात ती डिस्प्ले नाही म्हणून. रॅम काढायची, सोनेरी पट्टी शाळेतल्या खोडरबराने घासायची, पुन्हा बसवायची, चालू. एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) उघडला की आत मुंग्यांचं वारूळ, कधी सर्किटला चिकटून वाळलेली पाल. किनाऱ्यालगतच्या घरांत कॅबिनेटचे स्क्रू गंजून फिरत नाहीत. परतीच्या पावसात वीज कडाडली की राउटरच्या केबलमधून झटका येतो आणि बोर्डाचा लॅन पोर्ट जातो, कधी बोर्डच जातो.

नवीन बोर्ड, नवीन रॅम, १२० वॉटचा प्रोसेसर घेऊन तो साध्या स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर लावणारे बघितलेत मी. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं. लाइट गेली आणि खराब वेव्हवर गेलं की यातले काही तिथल्या तिथे बंद पडतात. एक्सपोर्ट गेलं, प्रोजेक्ट फाइल गेली. आधी प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्या, मग प्रोसेसरवर भांडा. आणि पावसाळ्यात मशीन प्लास्टिकने झाकून महिनाभर बंद ठेवू नका. रोज तासभर तरी चालवा, आतली ओल जाते.

रत्नांग्री_गेमर
काका, धागा प्रोसेसरचा आहे.

सावंतवाडी_रिपेअर
धागो पैशांचो आसा.

फोटोवाल्या, तू प्रॉक्सी का करत नाहीस? प्रीमियरमध्ये इंजेस्टला टिक कर, रात्री हलक्या फाइली बनू देत, सकाळी त्यांच्यावर काप, एक्सपोर्ट मूळ फाइलवरून. एक पैसा लागत नाही.

दापोली_आर्किटेक्ट
रात्री? दोन कॅमेऱ्यांचं आख्खं लग्न ३६००वर प्रॉक्सीला लावायचं आणि मध्ये लाइट गेली तर? शिवाय नवरीकडच्यांना टीझर दुसऱ्या दिवशी दुपारी हवा असतो.

सावंतवाडी_रिपेअर
म्हणून तर यूपीएस म्हणतंय.

फोटोवाला_कुडाळ
टीझरचं दापोलीकर म्हणतात ते बरोबर. जत्रेच्या नाटकांना प्रॉक्सी चालेल, त्याची कोणाला घाई नसते. लग्नाला नाही चालणार.

९८००एक्स३डी नको, यावर मी ठाम आहे. गेमरने वाईट वाटून घेऊ नये. गेम खेळणाऱ्याने खुशाल घ्यावा, चीज उत्तमच आहे. १२४००चं पटतंय, पण सीझनच्या तोंडावर बोर्ड उपसून विंडोज नव्याने घालायला जीव होत नाही. चाकरमानी, याच मशीनमध्ये क्विक सिंक घुसवायची काही सोय?

चाकरमानी_डोंबिवली
आहे. इंटेलचं आर्क ए३८० नावाचं छोटं ग्राफिक्स कार्ड येतं. त्यात तेच मीडिया इंजिन आहे, ४:२:२सकट. तुमच्या बी४५० बोर्डावर खाली दुसरा लांब स्लॉट असेल तर १६६० सुपर काढायचीही गरज नाही. प्रीमियरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंगला इंटेलवर टिक करा. गेमसाठी ते कार्ड काही खास नाही, पण आपलं काम तेवढंच.

दापोली_आर्किटेक्ट
ठिगळ आहे हे. चालेल, पण ठिगळच. पुढच्या वर्षी तुम्ही एएम५वर येणार, लिहून ठेवा.

फोटोवाला_कुडाळ
आलो तरी तोवर ९८००एक्स३डी स्वस्त झालेला असेल.

स्लॉट आहे, आत्ताच बघितलं. चाकरमानी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चौकशी करून भाव कळवा. मिळालं तर कोणीतरी मांडवी एक्सप्रेसने येणाऱ्याच्या हाती पाठवा, कुरिअरवाला बॉक्स कसा आपटतो ते मला माहीत आहे. आणि काका, यूपीएस किती व्हीएचा (क्षमतेचा) घेऊ? मशीन आणि एक मॉनिटर, बाकी काही नाही.

सावंतवाडी_रिपेअर
दुकानात ये. मशीन घेऊन ये, मीटर लावून वॉट बघूया, मग सांगतंय. आणि येताना ता कॅबिनेट उघडून आण. तुझ्या एसएमपीएसमध्ये काय आसा ता माका बघूचा आसा.