'जंत आढळले नाहीत' : काडीभर शेणाची तपासणी आता बंद करा

फोंड्याची लॅबवाली
गुराकुत्र्यांचे नमुने तपासते, अकरा वर्षं झाली. काडीच्या टोकावर शेण, स्लाइडवर पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, दोन मिनिटं डोळा लावायचा आणि 'निगेटिव्ह' लिहून मोकळं व्हायचं. हे बंद व्हायला हवं. त्या काडीवर शेण असतं किती? सुमारे २ मिलिग्रॅम. ग्रॅमला २०० अंडी असली तरी त्यात अर्धं अंडंसुद्धा वाट्याला येत नाही! माझं मत सरळ आहे : प्रत्येक नमुना साखरेच्या पाकात (विशिष्ट गुरुत्व १.२७, म्हणजे पाण्याच्या १.२७ पट जड) कालवून सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवा. अंडी तरंगून कव्हरस्लिपला चिकटतात. मिठाचं पाणी स्वस्त खरं, पण स्लाइडवर खडे धरतं आणि व्हिपवर्मची (चाबकासारख्या जंताची) जड अंडी त्यात न फिरवता नुसती ठेवली तर बरीचशी खालीच राहतात. पाकाला मुंग्या लागतात एवढाच त्रास. टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात.

सत्तरीचा गोठेकर
बाय, 'प्रत्येक नमुना' म्हणालात तिथंच घोळ आहे. माझी म्हैस वायंगणाच्या पाणथळ मळ्यात चरते. चवथीनंतर दूध आटलं, जबड्याखाली पाण्याची थैली लोंबायला लागली. दोनदा शेण तपासलं, दोन्ही वेळा तरंगवूनच. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ. शेवटी एका डॉक्टरांनी माझ्यासमोर चमचाभर शेण पाण्यात कालवून चहाच्या गाळणीतून काचेच्या ग्लासात गाळलं. पाच मिनिटं थांबले, वरचं ओतलं, परत पाणी. चारपाच वेळा, पाणी नितळ होईपर्यंत. तळाच्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून मला दाखवलं : सगळं निळं आणि मधे पिवळीधमक मोठी अंडी. लिव्हर फ्लूक, यकृतातला चपटा कृमी! ही अंडी जड. तुमच्या पाकात ती आकसून वेडीवाकडी होतात नाहीतर बुडतात.

फोंड्याची लॅबवाली
मान्य, फ्लूकला गाळच हवा. पण दिवसाला चाळीस डबे येतात. प्रत्येकाचं पाणी चारपाच वेळा बदलत बसले तर संध्याकाळी दिवे लावायला घरी कोण जाणार? आणि गाळात गोल कृमींची हलकी अंडी कचऱ्याखाली दडतात, ती सुटली तरी बोंब माझ्याच नावानं.

सत्तरीचा गोठेकर
चाळीसांचं कशाला करता? पाणथळीत चरणाऱ्यांचं तेवढं करा. डब्यावर जनावराचं नाव लिहितोच, कुठं चरतं तेही लिहितो.

सांगेची शेरडं
तुमचं दोघांचं भांडण 'आहे की नाही' यावर. शेळीच्या लेंड्यांत काही ना काही असतंच, मला आकडा पाहिजे. मॅकमास्टरची चौकटीची स्लाइड, चौकटीतली अंडी मोजून ग्रॅमला किती ते काढायची, का वापरत नाही? सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेतली १९३९ची पद्धत, अजून चालते. औषध पाजायच्या दिवशी मोजा, चौदा दिवसांनी परत मोजा. अंडी ९५ टक्के तरी उतरली नाहीत तर जंत औषधाला सरावलेत, बाटली बदला. गेल्या वर्षी मी आकडा न बघता तेच औषध तीनदा पाजलं. पैसे आणि शेळीची दोन पिल्लं गेली.

फोंड्याची लॅबवाली
मॅकमास्टरमध्ये दिसलेलं एक अंडं म्हणजे साधारण ग्रॅमला ५०. त्याखालचं बहुतेक वेळा शून्यच दिसतं. कळपाला ठीक, घरच्या एका पिल्लाला नाही.

कळंगुटची श्वानमावशी
पिल्लांचं निघालंच आहे म्हणून. पद्धतीवर एवढं तावातावानं बोलताय, पण नमुना कसला येतो? अंगणात दोन दिवस पडलेला. आमच्याकडच्या उकाड्यात हुकवर्मची (आकडेवाल्या जंताची) अंडी दिवसाभरात फुटतात, अळ्या निघतात, वर मातीतले सूक्ष्म कृमीही शिरतात. ताजा घ्या, फ्रीजमध्ये ठेवा. (हुमणाच्या, म्हणजे माशांच्या कालवणाच्या भांड्याशेजारी डबा ठेवल्यावरून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.) आणि जिआर्डियाला (आतड्यातला एकपेशीय परजीवी) साखर चालत नाही, त्याच्या सिस्ट, म्हणजे कवचातल्या गोळ्या, आकसतात. झिंक सल्फेट लागतं, १.१८चं.

निवृत्त गुरांचा डॉक्टर
सगळे बरोबर आहात आणि सगळेच अंड्यात अडकलात. रेडकाला घाण वासाची पिचकारी हगवण लागते, चार दिवसांत आडवं होतं, शेणात एक अंडं नाही. कारण अँफिस्टोमची (पोटातल्या चपट्या कृमींची) पिल्लं अजून आतड्यात चरतायत, अंडी घालायच्या वयाचीच नाहीत. लिव्हर फ्लूकचंही तेच, अंडी दिसायला सुमारे तीन महिने. अशा वेळी पाक, गाळ, चौकट, सगळं निगेटिव्ह. पापणी उलटी करून आत फिकी आहे का बघा, कुठं चरतं ते विचारा. मी कित्येकदा रिपोर्ट खिशात ठेवून औषध दिलंय.

फोंड्याची लॅबवाली
सर, असं खिशात रिपोर्ट ठेवणाऱ्यांमुळेच तर जंत औषधाला सरावतात.

निवृत्त गुरांचा डॉक्टर
असेल. रेडकू मात्र उठलं.

फोंड्याची लॅबवाली
बरं, एवढं करते : 'निगेटिव्ह' लिहिताना पुढे 'पाकात तरंगवून' असंही लिहीन. गोठेकर, सोमवारी दोन डबे पाठवा, एकाचा गाळ करून बघते.

सत्तरीचा गोठेकर
पाठवतो. गाळणीही पाठवू? चहाला ती आता घरात कोणी घेत नाही.