48 संघांचा 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक: आपल्यासाठी दार उघडलं, की चौकटच काढून टाकली?

कामठीरोड_लेफ्टविंग (धागा सुरू करणारा)

रविवारी, 30 नोव्हेंबर 2025 ला, अहमदाबादेत आशिया कपच्या पात्रता फेरीत आपल्या 17 वर्षांखालच्या पोरांनी इराणला 2-1 हरवलं. आधी गोल खाल्ला, मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टीवर बरोबरी केली आणि दुसऱ्या हाफात पुढे गेले. लेबनॉनकडून हरून बसल्यामुळे हा सामना जिंकल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. आता पुढच्या वर्षी सौदीत आशिया कप. तिथे 16 संघ आहेत, आणि गटातून वर येणारे आठही संघ थेट विश्वचषकाला जातात. कारण फिफाने 2025 पासून ही स्पर्धा 48 संघांची केली आणि दर दोन वर्षांनी होणारी स्पर्धा दरवर्षी घ्यायचं ठरवलं. पहिल्या पाच खेपा कतारमध्ये. पहिली आत्ताच, 27 नोव्हेंबरला संपली. पोर्तुगालने ऑस्ट्रियाला 1-0 हरवून कप नेला.

इकडे लोक म्हणताहेत की 48 संघ म्हणजे विश्वचषकाची जत्रा झाली. मला हे पटत नाही. 2018 आठवा. मलेशियात 16 वर्षांखालील आशिया स्पर्धेत आपण व्हिएतनामला हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला शून्यावर रोखलं. गटात एकही गोल खाल्ला नाही! उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून 0-1 हरलो आणि संपलं. तेव्हा पहिल्या चारांनाच तिकीट होतं. आजचा नियम असता तर तो संघ विश्वचषक खेळला असता, आणि तोही यजमान म्हणून नव्हे, स्वतःच्या कमाईवर. तर मग दार मोठं केलं हे वाईट कसं? विरोधात असाल तर नीट मुद्द्यावर बोला, नुसतं 'आपल्याकडे काही होत नाही' नको.

मोतीबाग_स्टॉपर

मुद्द्यावरच बोलतो. ही स्पर्धा 1985 ला चीनमध्ये सुरू झाली तेव्हा 16 संघ होते. 2007 ला 24 झाले, आता 48. मैदानावरची गुणवत्ता तिप्पट झाली म्हणून हा आकडा तिप्पट झालेला नाही. फिफात 211 मतं आहेत आणि प्रत्येक मताला काहीतरी द्यावं लागतं, एवढंच त्यातलं गणित. निकाल बघ: मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियाला 16-0 हरवलं. त्या सोळा गोलांनी त्या बेटावरच्या पोरांचं काय भलं झालं, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

आपल्याला तर यजमान म्हणून फुकट तिकीट मिळालंच होतं की. 2017 ला अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. जॅक्सन सिंगने हेडरने गोल केला, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. अख्खा देश नाचला आणि नाच संपायच्या आत, पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल ठोकला. प्रेक्षक मात्र साडेतेरा लाखांच्या आसपास आले, या स्पर्धेचा विक्रमच. सहा शहरांत सामने झाले. त्यानंतर नागपुरात एक तरी मैदान वाढलं का?

मी रेल्वेच्या मैदानावर खेळून म्हातारा झालोय. यशवंत स्टेडियमचं म्हणशील, तर डिसेंबर लागला की तिथून अधिवेशनाचे मोर्चे निघतात. बाकी जिकडेतिकडे तासाच्या भाड्याचे टर्फ. पाच-पाच जणांच्या जाळीत खेळून कुणी विंगर होत नसतो.

पोट्टा_नंबर_दहा

काका, मैदानाचं तुम्ही बराबर बोलले. पण 2017 ले काहीच झालं नाही म्हणता, ते मले नाही जमलं. त्या संघातला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा. तवा मी सातवीत होतो. त्याच्या आधी आमच्या वस्तीत कोणाले माहीतच नव्हतं का महाराष्ट्रातलं पोट्टं बी वर्ल्ड कप खेळू शकते. 15 सप्टेंबरले सरकारनं साऱ्या शाळाइत फुटबॉल खेळवला, त्या दिवशी आमच्या शाळेत पहिल्यांदा नवा बॉल आला. आता तो बॉल मास्तरनं कपाटात ठेवला अन् चावी हरवली, ते सोडा 😄

अन् आपल्या नागपूरची तं गोष्टच वेगळी हाय. विजय बारसे सरांनी 2001 ले झोपडपट्टीतले पोट्टे घेऊन 'स्लम सॉकर' सुरू केलं, 2016 ले त्यालेच फिफाचा पुरस्कार भेटला. म्हंजे फिफाले नागपूर दिसते, फक्त नागपूरवाल्याइलेच दिसत नाही.

ग्रासरूट_गुरुजी

मी शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो, त्यामुळे दोघांच्या भांडणातला दगड मलाच लागतो.

24 की 48 हा प्रश्न कतारमधल्या माणसांसाठी ठीक आहे. कामठीतल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी प्रश्न वेगळा आहे: वर्षाला खरे सामने किती? सुब्रतो कपचंच घ्या. 1960 पासून चाललेली देशातली सर्वांत जुनी मोठी शालेय स्पर्धा, 17 वर्षांखालचा गट तिचा कणा. तिच्याकडे जायचा आपला रस्ता जिल्हा, विभाग, राज्य असा, आणि तोही ऐन पावसाळ्यात, बाद पद्धतीने. चिखलात एक सामना हरलात की वर्ष संपलं. पाच-सहा सामने खेळायला मिळालेलं पोर नशीबवान म्हणायचं. ज्या देशांशी आपण पुढे भिडणार, तिथली मुलं त्याच वयात क्लबच्या लीगमधून आठवड्याला एक सामना खेळतात, आणि शनिवारी हरली तरी पुढच्या शनिवारी त्यांना पुन्हा मैदान असतं. हरून पुन्हा उभं राहण्याची सवय त्यातूनच लागते.

दुसरं. 17 वर्षं म्हणजे अकरावी-बारावी. नागपुरात या वयाचा मुलगा सकाळी सहाला नीटच्या क्लासला असतो आणि संध्याकाळी टेस्ट सिरीजला. दहावीपर्यंत पालक क्रीडागुणांसाठी मुलाला मैदानावर पाठवतात. निकाल लागला की स्टडचे बूट माळ्यावर. माझे दोन उत्तम सेंटर बॅक असेच गेले. एक आज इंजिनीअर आहे, मजेत आहे, मी त्याला दोष देत नाही. पण राष्ट्रीय संघाच्या चाचणीपर्यंत पोचायला जे वय लागतं, नेमक्या त्याच वयात आमची गाळणी लागते.

म्हणून मोतीबागकाका, 16-0 ची भीती मला वाटत नाही. 16-0 हरलेल्या पोरांना निदान विश्वचषकातले तीन सामने मिळाले.

मोतीबाग_स्टॉपर

गुरुजी, 'निदान' या शब्दावर देशाचा फुटबॉल उभा करू नका.

हाडांचा_हिशोब

एक गोष्ट कुणी काढत नाही म्हणून काढतो. मी हाडांचा डॉक्टर आहे आणि पोरांचे वयाचे दाखले पाहून हसावं की रडावं कळत नाही. 17 वर्षांखालच्या स्पर्धेत सगळ्यात मोठा घोटाळा वयाचाच. मेक्सिकोने 1988 मध्ये 20 वर्षांखालच्या पात्रता फेरीत जास्त वयाचे खेळाडू उतरवले. फिफाने दोन वर्षांची बंदी घातली ती त्यांच्या सगळ्याच संघांवर, त्यामुळे सोलचं ऑलिंपिक आणि 1990 चा मोठा विश्वचषक दोन्ही हुकले. 2009 पासून 17 वर्षांखालच्या विश्वचषकात फिफा मनगटाचा एमआरआय वापरते. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या खालच्या टोकाला वाढीची जी पट्टी असते, ती पूर्ण जुळून आलेली दिसली की पोरगा जवळपास नक्कीच सतरा ओलांडलेला.

याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. खोटं कुणीच बोललं नाही तरी अन्याय होतो. वयाची रेघ 1 जानेवारीला ओढतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच वर्षाचे धरले जातात, पण तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांच्यात एक वीत उंचीचा फरक असू शकतो. निवड करणारा उंच पोराला घेतो. जगभरच्या 17 वर्षांखालच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी असते, ती काही ग्रहांमुळे नाही. संघ 48 झाले तरी ही गाळणी तशीच राहणार. मात्र स्पर्धा दरवर्षी झाली तर प्रत्येक जन्मवर्षाला आपली एक संधी मिळते. आधी दोन वर्षांतल्या धाकट्या वर्षाची पोरं थोरल्यांच्या पायाखाली जायची. तेवढ्यापुरता मी फिफाच्या बाजूने आहे, बाकी त्यांचा हिशोब त्यांना लखलाभ.

कामठीरोड_लेफ्टविंग

डॉक्टर, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, पण माझ्याच बाजूचा निघाला, म्हणून आनंदाने घेतो 🙂

सीताबर्डीची_स्वीपर

सगळे 'पोरं' म्हणताय आणि डोळ्यांपुढे मुलगेच आहेत. 2022 ला मुलींचा 17 वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडेच झाला होता: भुवनेश्वर, मडगाव, नवी मुंबई. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. एकही गोल नाही. तेव्हा मोतीबागकाकांसारखेच बरेच जण म्हणाले, कशाला नाक कापून घ्यायचं?

आणि मग यंदा ऑक्टोबरमध्ये काय झालं? आपल्या मुली पात्रता फेरीत उझबेकिस्तानला 2-1 हरवून आशिया कपला गेल्या. पात्रता फेरी खेळून तिथे पोचायची मुलींची ही पहिलीच वेळ. 0-8 मुळेच हे घडलं असं मी म्हणणार नाही, त्या मुली वेगळ्या, ह्या वेगळ्या. पण 0-8 नंतर दुकान बंद केलं नाही, एवढं तरी खरं ना?

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, गोलकी. तिला मी टर्फवरच सोडते, कारण मोकळ्या मैदानावर संध्याकाळी सहानंतर दिवे नसतात आणि कपडे बदलायला जागा नसते. काका टर्फला नावं ठेवतात, ती ठेवा. पण आमच्या मुलींना फुटबॉल त्या जाळीतच मिळाला.

मोतीबाग_स्टॉपर

ताई, दिव्यांचा मुद्दा मान्य. मुलींच्या बाबतीत टर्फबद्दलचे शब्द मागे घेतो, मुलांच्या बाबतीत नाही.

पण लेफ्टविंग, तुझ्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे. दार रुंद केलं की आपल्याकडची माणसं लगेच म्हणणार, 'पोचलो.' 2017 च्या पोरांना इंडियन ॲरोज म्हणून एकत्र ठेवून आय-लीग या देशातल्या क्लब स्पर्धेत खेळवलं, चांगली कल्पना होती. 2022 ला ती टीमच बंद केली. जॅक्सन, सुरेश, अन्वर पुढे मोठ्या संघात गेले, बाकीच्यांतले किती आठवतात? सौदीत आठांत आलो तर पेढे मीही वाटीन. त्याच दिवशी कुणीतरी फाइलवर लिहील की विकास झाला, आता निधी पुरे.

पोट्टा_नंबर_दहा

काका, पेढे राहू द्या, तर्री-पोहे चालतीन 😂 पण सिरीयस सांगतो, निधी आला काय अन् गेला काय, आमच्या वस्तीपर्यंत तो कधी आलाच नाही. आमच्यासाठी तं टीव्हीवर पोट्टे दिसले पाहिजेत. ते दिसले का रस्त्यावर दगडं मांडून गोल होते.

ग्रासरूट_गुरुजी

दगडांचे गोल झाले की मला कळव, शिट्टी घेऊन येतो. आणि जरा कामाचं बोलू. इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शाळेचं मैदान रविवारी सकाळी रिकामं असेल तर सांगा. 2011 आणि 2012 मध्ये जन्मलेल्या मुलामुलींची चार-सहा शाळांची साखळी लीग लावायचा विचार आहे. बाद पद्धत नाही, हरलं तरी पुढच्या रविवारी सामना. डॉक्टर, दाखले तुम्ही बघा. मोतीबागकाका, रेफरी हवाय.

मोतीबाग_स्टॉपर

गुडघा धड नाही. लाइन्समन होतो, पण ऑफसाइडवर कुणी वाद घालायचा नाही.