समकालीन ग्राफिक डिझाइनचे काम शोधणे आणि कर्त्याच्या नावासह इतरांपर्यंत पोहोचवणे : मदत हवी आहे

नमस्कार. ग्राफिक डिझाइनमध्ये काम करणाऱ्या आणि ते शिकणाऱ्या काही जणांच्या गटासाठी मी नियमितपणे नवी, प्रेरणा देणारी कामे निवडून पाठवते. हे काम मला मनापासून आवडते. परंतु काही ठिकाणी अडले आहे, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

सर्वांत मोठी अडचण मूळ कर्ता सापडत नाही ही आहे. अलीकडेच पिंटरेस्टवर एक विलक्षण पोस्टर दिसले. पिवळ्या पार्श्वभूमीवर जाड काळी अक्षरे असून वरच्या ओळीचा माथा कागदाच्या कडेला छाटलेला आहे, तरीही शब्द न अडखळता वाचता येतो. त्याखालचा दुवा बंद पडलेल्या एका ब्लॉगकडे जातो. गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही साधनांवर चित्र टाकले, तेव्हा त्याच चित्राच्या आणखी प्रती मिळाल्या. नाव कुठेच नाही. उजव्या कडेला उभ्या ओळीत बारीक मजकूर आहे, पण प्रत इतकी धूसर झाली आहे की तो लागत नाही. फाँट ओळखून 'फाँट्स इन यूज'वर शोधणे ही एक वाट मला माहीत आहे. २०१० पासून चालू असलेल्या या संग्रहात कामे त्यांत वापरलेल्या फाँटनुसार पाहता येतात आणि अनेक नोंदींत डिझायनरचे नावही असते. मात्र या पोस्टरवरची अक्षरे हाताने रेखाटलेली वाटतात, त्यामुळे तो उपाय येथे चालत नाही. अशा वेळी आपण पुढे काय करता?

दुसरा प्रश्न एकसुरीपणाचा आहे. एखादे काम आवडले म्हणून उघडले की पुढे तशाच वळणाची कामे येत राहतात. डिझायनर आपली कामे मांडतात त्या बिहान्स या संकेतस्थळावर निदान सविस्तर मांडणी असते, कच्ची रेखाटनेही कधीकधी पाहायला मिळतात. तशाच ड्रिबल या संकेतस्थळाची सुरुवात मात्र ४०० बाय ३०० पिक्सेलच्या चौकटीतून झाली आणि तिथे आजही बहुधा कामाचा देखणा तुकडाच दिसतो, त्यामागचा विचार दिसत नाही. म्हणून मी १९६६ पासूनचे वॉर्साचे पोस्टर बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारे स्पर्धा-प्रदर्शन) आणि १९८५ पासूनचे जपानमधील तोयामाचे पोस्टर त्रिएनाले (दर तीन वर्षांनी भरणारे) यांच्या निवडींकडे वळले आहे, कारण तिथे निवड परीक्षक करतात, पसंतीचे आकडे नव्हे. अशा आणखी कोणत्या स्पर्धा किंवा संग्रह आपण नियमित पाहता?

शेवटी, पाठवण्याच्या पद्धतीबद्दल. चित्रासोबत मी डिझायनर, ग्राहक, वर्ष आणि ते काम का निवडले याच्या दोन ओळी लिहिते, आणि शक्यतो मूळ पानाचाच दुवा देते. परंतु २००७ मध्ये सुरू झालेले 'एफएफएफएफाउंड' हे आवडलेली चित्रे जमवण्याचे संकेतस्थळ २०१७ मध्ये बंद झाले, तसे कोणतेही संकेतस्थळ बंद होऊ शकते आणि मग नुसता दुवा उपयोगाचा राहत नाही. स्वतःकडे प्रत ठेवायची, तर कर्त्याची परवानगी दरवेळी मागता का? मागत असल्यास ती कशा शब्दांत मागता आणि उत्तर आले नाही तर काय करता? आपल्या नोंदीचा एखादा नमुना येथे देता आला, तर कृपया द्यावा.