बाबांच्या कंपवाताला ३० टक्केच दिले, आता काय करू?

नंदगडची लेक
आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. बाबांना सहा वर्षं कंपवात आहे. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, तपासणीला पहिल्या बसनं गेलो. निघताना गोळी दिली, नाहीतर ते बसमध्ये चढलेच नसते. डॉक्टरांनी चार पावलं चालवलं, मूठ उघडझाप करायला लावली आणि ३० टक्के दिव्यांगत्व लिहिले. त्या वेळी बाबा चालले, हे खरंच आहे. पण गोळीचा असर उतरला की शर्टाच्या एका बटणाला पंधरा मिनिटं लागतात. कप धरवत नाही, चहा बशीत ओतून मी पाजते. ४० च्या खाली पेन्शन नाही म्हणतात. शिवाय कागद सगळे कानडीत. कुणी यातून गेलंय का?

मच्छेकर
पुढच्या वेळी गोळी न देताच न्या. खरी हालत दिसू दे त्यांना.

निपाणीची मावशी
असं अजिबात करू नका! ही गोळी अचानक थांबवणं धोक्याचं असतं. माझे यजमान एक वेळची चुकली तर न्हाणीघरात पडले होते. त्यापेक्षा वही घाला. गोळी किती वाजता, हातपाय कधी सुटले, परत कधी आखडले, रोज लिहा. आखडलेले असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. न्यूरोलॉजिस्टकडून हा चढउतार केसपेपरवर लिहून घ्या, ते त्याला 'ऑन-ऑफ' म्हणतात. तपासणाऱ्याला पाच मिनिटंच दिसतात, बाकीचा दिवस आपणच कागदावर न्यायचा.
आणि ताई, टक्केवारी मान्य नसेल तर अपील करता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५९ बघा. कंपवात त्या कायद्याच्या २१ प्रकारांत नावानिशी आहे. मुदत असते, उशीर करू नका.

हलशीचा शेतकरी
कानडीचं टेन्शन घेऊ नका. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी व्हीआरडब्ल्यू म्हणजे पुनर्वसन कार्यकर्ते असतात, तालुक्याला तसेच एमआरडब्ल्यू. आमच्या पोराचा अर्ज त्यांनीच लिहून दिला. पोच मात्र शिक्क्यासह घ्या. ४० मिळाले की पेन्शनचा अर्ज महसूल खात्याच्या नाडकचेरीत. ७५ च्या वर रक्कम जास्त असते. दाखला तात्पुरता दिला तर त्यावरची तारीख आधी बघा, ती उलटली की पेन्शन अडते.

नंदगडची लेक
मावशी, गोळी चुकवणार नाही. आज पंचायतीत जाऊन आले, सोमवारी अपील लिहायला बोलावलंय. वही आणली. पहिली ओळ: ५ ला जाग, कूस वळता येईना. ६ ला गोळी. पावणेसातला स्वतः उठून बसले.