फॉर्म बी मिळाला म्हणजे अलार्म वाजणारच का?

गच्चीवरचा: महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट) घेऊन अग्निशमन दलाकडे द्यावा लागतो. आमच्या सोसायटीचा वेळेवर जातो. एजन्सीचा माणूस येतो, पंप चालू करून फोटो काढतो, सही ठोकतो, चहा पिऊन जातो. इकडे फायर अलार्मच्या पॅनलवर फॉल्टचा पिवळा दिवा कायम लागलेला, बझर म्यूट. माझं मत: कुठला डिटेक्टर (धूर ओळखणारा), कुठला हूटर (अलार्मचा भोंगा) कधी तपासला याची नोंदवही फॉर्मसोबत सक्तीची करा. आणि पॅनलशेजारी झोनचा नकाशा, म्हणजे पॅनलवरचा कुठला नंबर इमारतीच्या कुठल्या भागाचा ते, हवाच.

खजिनदारकाका: आणखी एक वही! लिफ्टची, जनरेटरची, टाकी धुतल्याची आहेच. सगळ्या एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेल्या. जो डोळे मिटून सर्टिफिकेट देतो तो वही खरी भरेल? त्यापेक्षा अशा एजन्सीचा परवाना काढून घ्या.

पंपरूम: मी याच धंद्यात आहे. एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) द्यायची सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला आणि मग कामाच्या नावाने ओरडायचं, हे आधी थांबवा. काय बसवायचं ते एनबीसी (राष्ट्रीय इमारत संहिता) २०१६ चा भाग ४ सांगतो. कसं बसवायचं, कसं सांभाळायचं ते आयएस २१८९ हे भारतीय मानक. नोंदी ठेवणं त्यात आलंच, नवीन काही नाही. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर चढवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या पुढे वर्षानुवर्षं तशाच राहिलेल्या मी काढल्यात. टोपीखालचा डिटेक्टर पॅनलवर नॉर्मलच दिसतो, धूर मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. एकेका डिटेक्टरची यादी घेऊन फिरल्याशिवाय हे सापडत नाही.

खजिनदारकाका: यादी तुम्ही करणार, बिल आम्ही भरणार! महिन्यातल्या एका रविवारी, सगळ्यांना आधी सांगून, एमसीपी (भिंतीवरचं अलार्मचं बटण) दाबा. हूटर ऐकू आला का, ते प्रत्येक मजल्यावरून ग्रुपवर टाका. फुकटात काम.

मधला_मजला: काका, तीच नोंदवही झाली की! फक्त ती मोबाइलवरच्या गुड मॉर्निंगखाली गाडली जाणार. सही एजन्सीची असली तरी यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी कायद्याने मालक-भोगवटादाराची, म्हणजे आपलीच. विचारणा झाली तर ग्रुपवरचे अंगठे दाखवणार का? नकाशाचं तर विचारूच नका. आमच्याकडे झोन ४ म्हणजे पोडियम पार्किंग. अलार्म झाला की वॉचमन धावतो चौथ्या मजल्यावर.

खजिनदारकाका: नकाशा उद्याच लॅमिनेट करून लावा, पैसे मी मंजूर करतो. वहीला विरोध कायम.