अनकोटेड रिसायकल्ड कागदावर फोटोंचं पुस्तक: फाइल, कागद, बाइंडिंग (चौघांची चर्चा: ‘पानमांडणी’चे प्रश्न, बाकीच्यांची उत्तरं)

पानमांडणी:
१६० पानांचं उभं पुस्तक आहे, आकार १६.५ × २३.५ सेमी. निम्म्या पानांवर चार रंगांतले फोटो, त्यातले बरेचसे संध्याकाळचे, गडद. छपाई ऑफसेटवर. कागद १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), अनकोटेड म्हणजे वर लेप नसलेला, शंभर टक्के रिसायकल्ड, रंगाने किंचित करडा. फोटो कोटेड (लेप असलेल्या) कागदाच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणाऱ्या फाइलनुसार, सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) केलेले आहेत. चाचणी शीट काढली तर सावल्यांमधलं सगळं बुजलंय आणि मधले टोन काळवंडलेत. फाइल कशी सुधारावी? आणि कागद खरोखर पर्यावरणाला झेपणारा आहे का, हे कळायला कागद गिरणीला नेमकं काय विचारावं? बाइंडिंगबद्दलही सांगा.

शाईघर:
कोटेडची फाइल अनकोटेडवर छापली की हेच होणार. कागद शाई पितो आणि छपाईचा ठिपका पसरतो (यालाच डॉट गेन म्हणतात). ऑफसेट छपाईच्या आयएसओ १२६४७-२ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत ५० टक्क्यांचा ठिपका कोटेडवर साधारण ६६ आणि अनकोटेडवर ७२ टक्क्यांपर्यंत भरतो असं धरलंय. त्यात अनकोटेडवरचं काळं मुळातच कमी काळं असतं. नुसत्या काळ्या शाईचा ‘एल’ (उजळपणाचा आकडा, ० म्हणजे पूर्ण काळं) कोटेडवर १६ च्या आसपास येतो, अनकोटेडवर ३२. मधले टोन गडद होतात, काळं फिकं पडतं आणि फोटो दोन्ही बाजूंनी चेपला जातो.

आहे त्या सीएमवायकेवरून पुन्हा सीएमवायके करू नका. मूळ आरजीबी (कॅमेऱ्याच्या, पडद्याच्या रंगांतली) फाइल घ्या आणि सावल्या तिथेच उघडा. छपाईत ८५ टक्क्यांच्या पुढचे ठिपके एकमेकांत मिसळतात, तेव्हा महत्त्वाचा तपशील त्याच्या अलीकडे यायला हवा. मग अनकोटेड प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करा. सगळे सरसकट फोग्रा ५२ हे तयार प्रोफाइल सुचवतात, पण ते निळसर पांढऱ्या, ब्राइटनर (शुभ्र दिसण्यासाठीचं रसायन) घातलेल्या कागदासाठी आहे (कागदाचा ‘बी’ उणे १०; हा आकडा जितका उणे तितका कागद निळसर). करड्या कागदाला फोग्रा ४७ (‘बी’ उणे २) जास्त जवळचं. छापखान्याने याच कागदाचं प्रोफाइल काढलं असेल तर दुसरं काही बघूच नका. सॉफ्टप्रूफमध्ये (छपाई कशी दिसेल ते पडद्यावर बघताना) कागदाचा रंग दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा. पडद्यावर सगळं मळकट वाटेल, तरी तेच चित्र खरं.

एक चूक फार होते: प्रोफाइल लावल्यानंतर ‘डॉट गेन आहे ना’ म्हणून फोटो वर आणखी उजळवायचे. प्रोफाइलने ती भरपाई आधीच केलेली असते. दुसऱ्यांदा केली की चेहरे धुतल्यासारखे दिसतात.

एकूण शाई (एका जागी चारही शाईंच्या टक्क्यांची बेरीज) २८० टक्क्यांच्या आत ठेवा. प्रोफाइल ३०० पर्यंत सोडतं, पण रिसायकल्डवर तेवढी शाई वेळेत वाळत नाही आणि समोरच्या पानावर उमटते. शार्पनिंग नेहमीपेक्षा थोडं जास्त चालतं. मजकूर फक्त १०० टक्के काळ्यात, ओव्हरप्रिंट करून (खालचा रंग न कापता त्यावरच छापून).

लगदा:
कागदाबद्दल. ‘इको-फ्रेंडली’ या शब्दाला एकट्याला काही अर्थ नाही. गिरणीला विचारा: वापरून टाकलेल्या कागदाचा वाटा किती टक्के? एफएससी (जंगल आणि कागद प्रमाणित करणारी संस्था) रिसायकल्ड लेबलमध्ये ग्राहकापर्यंत न पोचलेली कारखान्यातली रद्दीही धरता येते, म्हणून हा आकडा वेगळा मागायचा. ब्लीचिंग कशाने? ईसीएफ म्हणजे क्लोरीन वायू नाही पण क्लोरीन डायऑक्साइड आहे. टीसीएफमध्ये (क्लोरीन पूर्ण वर्ज्य) ऑक्सिजन, ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड. रिसायकल्डसाठी पीसीएफ हा शब्द येतो: पुन्हा वापरताना क्लोरीन लावलेला नाही, मूळ तंतूला पूर्वी लागला असेल. तुमच्या कागदाचा करडेपणा बहुधा कमी ब्लीचिंगचा आहे आणि मला तो गुणच वाटतो.

ऊर्जेचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. नवा क्राफ्ट (रसायनांत लाकूड शिजवून केलेला) लगदा करणारी गिरणी लाकडातलंच लिग्निन (तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ) जाळून बरीचशी वाफ आणि वीज मिळवते. रद्दीवर चालणाऱ्या गिरणीकडे हे इंधन नसतं, तिला ऊर्जा बाहेरून घ्यावी लागते. ती कोळशावरची असेल तर ‘रिसायकल्ड’चा फायदा बराच घटतो. पुस्तक टिकायला हवं असेल तर कागद आयएसओ ९७०६ या टिकाऊ कागदाच्या मानकात बसतो का हेही विचारा. त्यात लिग्निनवर मर्यादा आहे आणि आम्ल शोषून घ्यायला किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा लागतो. यांत्रिक लगद्याची (लाकूड नुसतं दळून केलेल्या, लिग्निन राहिलेल्या) रद्दी मिसळलेला कागद पिवळा पडतो.

एफएससीचा शिक्का पुस्तकावर छापायचा असेल तर नुसता कागद प्रमाणित असून भागत नाही, छापखान्याकडेही चेन ऑफ कस्टडी (प्रमाणित माल हातोहात कसा आला याचं) प्रमाणपत्र लागतं.

आणि आकार! ७० × १०० सेमीच्या शीटवर तुमची पानं एका बाजूला ४ × ४ बसतात. शीटचा सुमारे ८९ टक्के भाग पुस्तकात जातो. हेच पुस्तक २१ × २१ चौरस केलं असतं तर जेमतेम ७६ टक्के.

दोरासुई:
ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा, याला पर्याय नाही. आडवा आला तर गोंदाच्या ओलाव्याने तंतू रुंदीत फुगतात, कण्याजवळ लाटा पडतात आणि पुस्तक उघडं राहत नाही. या मांडणीत ७० × १०० लाँग ग्रेन (तंतू लांब बाजूला समांतर) घ्या. मशीन लहान असेल तर तोच अर्धा कापला की ५० × ७० शॉर्ट ग्रेन मिळतो, तोही बरोबर. खात्री करायला शीटचा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा: तो गुंडाळतो त्या नळीची दिशा म्हणजे ग्रेन.

फर्मे (एका शीटला घड्या घालून होणारे पानांचे गठ्ठे) १६ पानांचेच ठेवा. १२० जीएसएमला चौथी घडी घातली की आतल्या कोपऱ्यात सुरकुत्या येतात. शिलाई उत्तम, नाहीतर पीयूआर (पॉलियुरेथेनचा पक्का गोंद). आखूड तंतूंच्या कागदावर साध्या हॉटमेल्टने (वितळवून लावायच्या गोंदाने) पानं सुटतात. कण्याच्या जाडीसाठी: बल्क (वजनाच्या मानाने कागदाची जाडी) १.२५ असेल तर एक कागद ०.१५ मिमी; दोन्ही बाजू धरून १६० पानांचे ८० कागद म्हणजे १२ मिमी. तरीही त्याच कागदाची कोरी डमी करून मोजा, मगच मुखपृष्ठाची फाइल बंद करा.

पानमांडणी:
आभार. दोन शंका: गडद फोटोवर पांढऱ्या अक्षरांत ओळी आहेत, ८ पॉइंट. आणि मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन लावावं का?

शाईघर:
८ पॉइंट देवनागरी चार रंगांतून उलटी (अक्षरांची जागा कोरी सोडून) काढू नका. रफाराशेजारचा अनुस्वार आणि ‘ळ’, ‘क्ष’ची पोटं आधी भरतात. रजिस्टर (चार रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं) केसभर हललं तरी अक्षराला रंगीत कडा येते. किमान ११ पॉइंट, मध्यम वजन, आणि मजकुरामागचा भाग शक्यतो एकाच शाईचा.

लगदा:
लॅमिनेशन टाळा, फिल्ममुळे मुखपृष्ठाचा कागद परत लगद्यात घेणं अवघड होतं. पाण्यावर आधारित वॉर्निश लावा, घासण्यापासून पुरेसं संरक्षण मिळतं. यूव्ही (अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या) शाईचा आग्रह झाला तरी विचार करा: रंग वर राहून झळकतात, पण रद्दीतून शाई काढताना तिचे मोठे तुकडे होतात आणि नव्या कागदावर ठिपके म्हणून दिसतात.